आमचे 'मेजर' गेले : उथळसरच्या एका अग्निशामकाच्या आणि माजी सॅपरच्या आठवणी

उथळसरकर

गेल्या मंगळवारी पहाटे आमच्या सोसायटीतले 'मेजर' झोपेतच गेले. त्यांनी सत्तरी ओलांडली होती आणि धुराने खाल्लेली छाती गेली दोन वर्षे कुरकुरत होती. नाव जाहीरपणे लिहू नये अशी घरच्यांची विनंती आहे, म्हणून ते येथे लिहीत नाही; ठाण्यातल्या उथळसर, राबोडी, चरई या भागांत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना 'मेजर' एवढे पुरेसे आहे.

मेजर हा त्यांचा हुद्दा नव्हता. फौजेतून परत आलेल्या कोणालाही आपल्याकडे गाव मेजर म्हणते, तसे आम्हीही म्हणत आलो आणि ते मात्र न कंटाळता दुरुस्ती करीत राहिले : "मी हवालदार. मेजर साहेब वेगळे असतात." साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातून ते १९७४ मध्ये खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात, भरती झाले, पंधरा वर्षांची नोकरी करून १९८९ मध्ये पेन्शनीवर बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी माजी सैनिकांच्या जागेवर ठाणे महापालिकेच्या अग्निशमन दलात फायरमन म्हणून लागले. जवाहरबाग, पाचपाखाडी, बाळकुम अशा केंद्रांवर तेवीस वर्षे काढून २०१३ मध्ये ते लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झाले.

हा धागा काढण्याचे खरे कारण वेगळे आहे. ते गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो आहे, ज्यात त्यांनी 'धगधगत्या ज्वाळांत उडी घेऊन सात बालकांना मृत्यूच्या दाढेतून बाहेर काढले' असे लिहिले आहे. तो मजकूर काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नींना, कोणीतरी वाचून दाखविला, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "हे कोणाबद्दल आहे?" लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसणार. पण ज्या माणसाने आयुष्यभर कोणत्याही गोष्टीत उडी न घेण्याचे शिक्षण दिले, त्याच्या नावावर उडी चिकटविणे मला बरे वाटत नाही. म्हणून विनंती अशी की, आपण स्वतः पाहिलेले तेवढेच येथे लिहावे, मग ते कितीही किरकोळ असो.

सुरुवात मी करतो. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात एका रविवारी ते हातात बॅटरी आणि लाल पुठ्ठ्याची वही घेऊन आमच्या जिन्यात आले. आमची इमारत चौदा मजली आहे आणि प्रत्येक मजल्यावर लाल रंगाची होज बॉक्स, म्हणजे आग विझविण्याच्या पाण्याच्या नळीची पेटी, आहे, एवढे मला ठाऊक होते. ती उघडलेली मी कधी पाहिली नव्हती. तिसऱ्या मजल्याच्या पेटीत दिवाळीचे दोन आकाशकंदील, एका लग्नाच्या उरलेल्या पत्रिका आणि कोणाच्या तरी लहान मुलाची एक चप्पल निघाली. होज होता, पण त्याच्या टोकाची पितळी ब्रँच, म्हणजे ज्यातून पाण्याचा फवारा निघतो ती, चोरीला गेलेली होती. त्यांनी काही बोलणे केले नाही. सगळा होज व्हरांड्यात लांबवर उलगडला, हाताने चाचपीत टोकापर्यंत गेले आणि पुन्हा घडी घालताना जुन्या घडीच्या रेषा चुकवून नव्या जागी मोड पाडले. "एकाच जागी वर्षानुवर्षे मोडला की तिथेच फाटतो," एवढेच म्हणाले. मग होज जोडायचा मजल्यावरचा नळ, म्हणजे लँडिंग व्हॉल्व्ह, फिरविला, तर त्यातून चहाच्या रंगाचे पाणी थुंकल्यासारखे आले आणि बंद झाले. खाली जाऊन पाहतो तो पंप 'ऑटो'वरून काढून 'मॅन्युअल'वर टाकलेला, कारण रात्री तो आपोआप सुरू झाला की पहारेकऱ्याची झोपमोड होत असे.

त्या दिवशी त्यांनी चौदा मजल्यांच्या बेचाळीस पेट्या पाहिल्या. तीनही विंगचे जिने ते पायी चढले आणि मी त्यांच्यामागून सहाव्या मजल्यापर्यंत गेलो.

सदाफुली

बातमी वाचून सुन्न झाले. माझी आठवण अगदी घरगुती आहे, पण धागाकर्त्यांनी किरकोळही चालेल म्हटल्यामुळे धीर करून लिहिते.

२००७ च्या सुमारास सासूबाईंच्या बोटात लग्नातली अंगठी रुतली. वातामुळे सांधा सुजला होता आणि बोट जांभळे पडू लागले होते. राम मारुती रोडवरचे सोनार दुकान बंद करून गेले होते, दवाखान्यात अंगठी कापण्याचे साधन नव्हते, तेव्हा कोणीतरी सुचविले की जवाहरबागेच्या फायर ब्रिगेडला घेऊन जा. अंगठीसाठी बंबवाल्यांकडे जायचे, याचाच मला संकोच वाटत होता.

तेथे हे गृहस्थ होते. त्यांनी सासूबाईंना खुर्चीवर बसवून हात डोक्याच्या वर धरायला सांगितला आणि दहा मिनिटे नुसती गावाकडची चौकशी केली. मग खिशातून शिवणाच्या जाड दोऱ्याचे रीळ काढले. दोऱ्याचे एक टोक काडीच्या साहाय्याने अंगठीखालून आत सरकविले आणि उरलेला दोरा अंगठीला लागून बोटाच्या टोकाकडे असा घट्ट, एकाला एक चिकटून गुंडाळला की सूज त्या वेढ्यांखाली दाबली गेली. वर थोडे साबणाचे पाणी लावले. नंतर आतले टोक धरून तो दोरा हळूहळू उलगडू लागले, तशी अंगठी एकेका वेढ्यावरून पुढे सरकत सांध्यापलीकडे आली. सासूबाई विव्हळत होत्या आणि ते "झालंच आजी, अजून चार वेढे" असे मोजून सांगत होते; आणि खरोखर चारच उरलेले असत.

मी नंतर विचारले, की कटर नव्हता का? ते म्हणाले, "आहे की. पण आजी आल्यापासून दोनदा म्हणाल्या, यांनी घेतलेली आहे." केंद्राच्या नोंदवहीत आमच्या आधीच्या पानावर खाडीकिनाऱ्याच्या आगीची नोंद होती आणि तिच्याखाली त्यांनी त्याच गंभीर अक्षरात 'अंगठी सोडविली' असे लिहिले. सासूबाई आज नाहीत. अंगठी माझ्याकडे आहे.

हिशेबनीस

मृत माणसाबद्दल चांगलेच बोलावे ही रीत मला मान्य आहे, तरीही एकाच बाजूने लिहिलेली आठवण खोटी होते असे वाटते, म्हणून लिहितो. मी त्याच सोसायटीत सहा वर्षे खजिनदार होतो आणि त्यांपैकी निदान चार वर्षे मेजरांचे आणि माझे पटत नव्हते.

कारण सांगतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ या कायद्याप्रमाणे इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दर जानेवारी आणि जुलै महिन्यांत सादर करावे लागते. त्यालाच सगळे 'फॉर्म बी' म्हणतात. पुष्कळ ठिकाणी हे काम कसे चालते ते सर्वांना ठाऊक आहे : एजन्सीचा माणूस कार्यालयात बसून चहा पितो, शिक्का मारतो आणि बिल देतो. आम्हीही तेच करीत होतो. मेजरांनी सर्वसाधारण सभेत उभे राहून त्या कागदाला 'चहाची पावती' म्हटले आणि ते शब्द इतिवृत्तात घ्यायला लावले. माझ्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप त्यांनी केला नाही, परंतु सभेतून घरी जाताना लोक माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते ती मी विसरलेलो नाही.

दुसरा वाद रेफ्यूज एरियाचा. आग लागल्यास वरच्या मजल्यांवरच्या लोकांनी थांबण्यासाठी जी मोकळी जागा ठेवलेली असते, तेथे आम्ही गणपतीच्या मंडपाचे सामान ठेवत होतो. दुसरीकडे जागाच नव्हती. ते सामान त्यांनी एका दुपारी स्वतः, कोणालाही न विचारता, खाली आवारात आणून ठेवले आणि रात्री पाऊस आला. एकोणीस हजारांचे कापड भिजले. त्यांनी विचारायला हवे होते, हे माझे मत आजही कायम आहे, आणि मी ते त्यांच्या तोंडावरही सांगितले होते. त्यांनी ते ऐकून घेतले, माफी मागितली नाही, आणि पुढच्या महिन्यापासून आपल्या पेन्शनीतून दरमहा पाचशे रुपये मंडपाच्या खात्यात भरू लागले. मी नको म्हटले तरी भरीत राहिले. अडतीस महिने.

तेव्हापासून आमच्याकडे फॉर्म बी भरण्यापूर्वी गच्चीवर होज लावून पाणी प्रत्यक्ष उडवून पाहतात. हे माझ्याच कारकिर्दीत सुरू झाले, याचे श्रेय घ्यायला हरकत नसावी.

वॉचरूम

मी त्यांच्या हाताखाली सात वर्षे काम केलेला माणूस आहे; आता मीही निवृत्त आहे. वरचे सारे प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहवले नाही.

आमच्या कामाची भाषा बाहेरच्यांना चमत्कारिक वाटते. आमच्याकडे 'वर्दी' म्हणजे अंगावरचा गणवेश नव्हे. आग लागल्याची, झाड पडल्याची, माणूस लिफ्टमध्ये अडकल्याची जी खबर येते ती वर्दी. पावसाळ्यात ठाण्यात झाडांच्या वर्द्या सर्वांत जास्त, संक्रांतीला मांजात अडकलेल्या पक्ष्यांच्या, आणि मग वर्षभर गॅस, मीटर बॉक्स, भंगाराची गोदामे. घंटा वाजल्यापासून बंब दाराबाहेर पडेपर्यंतचा वेळ मोजला जातो. मेजर मात्र त्याच्याही आधीचा वेळ मोजत. पाळी सुरू झाली की ते बंबाभोवती एक फेरी मारीत आणि प्रत्येक कपाट उघडून कपलिंगचे वॉशर बोटाने चाचपून पाहत. एक वॉशर सुकलेला असला तर सांध्यातून पाणी गळते आणि टोकाला दाब मिळत नाही, एवढी साधी गोष्ट. पण आदल्या पाळीने तपासलेले असताना पुन्हा तपासणे हा त्या पाळीचा अपमान आहे, असे म्हणणारेही आमच्यात होते. मी त्यांपैकी एक होतो.

एक प्रसंग सांगतो, ज्यात काहीच घडले नाही. वागळे इस्टेटमधील एका तळघरात रेक्झिन आणि फोमचा साठा धुमसत होता. ज्वाळा दिसत नव्हत्या, नुसता काळा धूर जिन्यावरून वर येत होता. बी.ए. सेट, म्हणजे पाठीवरची हवेची टाकी, लावून ते आणि मी आत उतरलो. कमरेला दोर, बाहेर दोर धरणारा तिसरा. स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला तर दिसत नव्हता. ते हाताच्या पंज्याची पाठ पुढे करून भिंत चाचपीत चालत, तळवा नव्हे. कारण उघड्या तारेला तळवा लागला तर मूठ आवळली जाते आणि सुटत नाही. मला आगीचे मूळ सापडल्यासारखे वाटले आणि मी पुढे सरकलो, तेवढ्यात दोराला हिसका बसला. आमच्यात ठरलेली खूण होती, दोन हिसके म्हणजे परत. मी एकदा दुर्लक्ष केले. पुन्हा दोन हिसके बसले आणि मग त्यांनी मला चक्क ओढून घेतले.

बाहेर आल्यावर मी चिडलो होतो. अजून शिट्टीसुद्धा वाजली नव्हती. टाकीतली हवा कमी झाली की सेटची शिट्टी वाजते आणि तोपर्यंत आत राहता येते, असे माझे गणित होते. त्यांनी माझा मुखवटा उतरविला, टाकीच्या काट्याकडे बोट दाखविले आणि विचारले, "आत जायला किती लागली?" मी सांगितले. "मग बाहेर यायला किती लागेल?" मी गप्प. शेवटी मागच्या बाजूचे शटर कापून धुराला वाट करून दिली आणि दुसऱ्या जोडीने तासाभरात आग विझविली. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्यांत आम्हा दोघांचा उल्लेख असण्याचे कारणच नव्हते. मी त्यानंतर एकवीस वर्षे नोकरी केली आणि प्रत्येक वेळी आत जाताना काटा पाहिला.

दुसरी गोष्ट लिहावी की नाही, याचा विचार करीत होतो. ४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी शीळ भागात लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली, त्या वेळी त्यांच्या निवृत्तीला जेमतेम तीन महिने राहिले होते. ७४ माणसे गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. बांधकाम पुरे झालेले नसताना आत मजूर आणि त्यांची कुटुंबे राहत होती. स्लॅब एकावर एक असे बसले होते की मधल्या फटीतून हात घालणेही कठीण होते. जेसीबी, गॅस कटर, जनरेटर, शेकडो माणसांची गर्दी, आणि त्यात कोणाला तरी आपला माणूस आतून हाक मारतो आहे असे वाटत असे.

ढिगाऱ्याच्या कामात एक रीत असते. ठरावीक वेळाने सर्व यंत्रे बंद करायची, सर्वांनी हलायचे थांबायचे आणि ऐकायचे. कागदावर ही सोपी गोष्ट आहे. प्रत्यक्षात हंबरडा फोडणाऱ्या बाईला गप्प करायचे असते. मेजर त्या ढिगाऱ्यावर उभे राहून हात वर करीत आणि काय आश्चर्य, तो सबंध जमाव शांत होत असे. मग ते पालथे पडून स्लॅबला कान लावीत, हातोडीने लोखंडी सळीवर तीन ठोके मारीत आणि थांबत. ते थांबणे मला आजही सहन होत नाही. दुसऱ्या रात्री एकदा उत्तर आले. बाकीच्या वेळी आले नाही, आणि प्रत्येक वेळी ते पुरेसे थांबूनच उठले, आधी कधी उठले नाहीत.

केंद्रावर परत आल्यावर त्यांनी नळाखाली बूट धुतले. त्या वेळी त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघाले : "अर्धवट इमारतीत माणसे राहायला आली, तेव्हा वर्दी कोणी द्यायची होती?" तो प्रश्न आम्हाला नव्हता, पण तेथे आम्हीच होतो.

खडकी_८१

मी स्वतः बॉम्बे सॅपर्सचा. माझी आणि मेजरांची पलटण वेगळी, भेट ठाण्यातच माजी सैनिकांच्या एका मेळाव्यात झाली. वॉचरूम यांनी दोराचा उल्लेख केला, म्हणून थोडी भर घालतो, कारण तो दोर त्यांनी अग्निशमन दलातून नव्हे तर खडकीहून आणलेला असावा, असा माझा कयास आहे.

आमच्याकडे भरती झालेल्या प्रत्येकाला सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांची हकीकत पाठ असते. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या मार्गावर शत्रूने सुरुंग पेरले होते, झाडे पाडून वाट अडविली होती आणि वरून मारा चालू होता. राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्या चालीने रांगत, हातातल्या दोरांनी वर चालकाला खुणा करीत त्यांनी तो रणगाडा सुरुंगांमधून पार नेला. ८ ते ११ एप्रिल असे चार दिवस ते वाट मोकळी करीत होते. त्यासाठी त्यांना परमवीरचक्र मिळाले. मेजर ही हकीकत नव्या फायरमन मुलांना सांगत, तेव्हा शौर्याचा भाग दोन वाक्यांत उरकीत आणि दोराने डावी-उजवीची खूण कशी ठरविली असेल, यावर पाऊण तास बोलत.

सुरुंग काढणाऱ्याचे काम कसे असते? पालथे पडायचे, टोकदार सळई जमिनीत तिरकी, कधीही सरळ उभी नाही, हळूच खुपसायची, लागले तर थांबायचे, नाही लागले तर बोटभर पुढे जायचे, आणि सुरक्षित झालेल्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढरी फीत लावीत यायचे. मागून येणारा त्या फितीच्या भरवशावर पाऊल टाकतो. अशी पंधरा वर्षे काढलेला माणूस ज्वाळांत उडी घेईल, ही कल्पनाच ज्याला सुचली त्याने सॅपर पाहिलेला नाही.

भारतीय शांतिसेनेबरोबर ते श्रीलंकेत होते, पण त्याबद्दल ते बोलत नसत. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्याची कारवाई सुरू झाली आणि मार्च १९९० मध्ये आपली शेवटची तुकडी परत आली. हजाराहून अधिक जवान तेथे धारातीर्थी पडले. परत येणाऱ्यांची मिरवणूक निघाली नाही, उलट 'तिथे कशाला गेला होता' असे विचारणारेच अधिक भेटले. एकदा तलावपाळीवर बसलो असताना ते आपण होऊन म्हणाले की, तेथे रस्त्याच्या मोरीत, सायकलच्या नळीत, नारळात, कशातही स्फोटक दारू भरलेली असे, आणि परत आल्यावर वर्षभर त्यांना घरात नारळ फोडवत नसे. मग उठले आणि कोपिनेश्वराच्या दारातून नारळ घेऊन आले. पुढे काही बोलणे झाले नाही.

काकूंसाठी एक व्यावहारिक सूचना : निधनाची नोंद संरक्षण खात्याच्या पेन्शनसाठीच्या 'स्पर्श' प्रणालीवर लवकर करावी म्हणजे कुटुंब निवृत्तिवेतन अडणार नाही. डिस्चार्ज बुक आणि पी.पी.ओ., म्हणजे पेन्शनचा आदेश, शोधून ठेवावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मी स्वतः बरोबर येईन.

खाडीपल्याड

ऐरोलीहून लिहितो आहे. निवृत्तीनंतर मेजर आमच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात वर्षातून एकदा, १४ ते २० एप्रिलच्या अग्निशमन सेवा सप्ताहात, कामगारांना शिकवायला येत. ठाणे-बेलापूर रस्त्याने एसटीने येत आणि मानधनाच्या पाकिटातून भाड्याचे पैसे वेगळे काढून उरलेले कँटीनच्या पोरांना खाऊसाठी देत.

पहिला तास नेहमी एकाच विषयाचा. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज पेटले. त्यात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे चौदाशे टन दारूगोळाही होता. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी स्फोट झाला, पाठोपाठ दुसरा झाला, आणि आग विझवायला गेलेले मुंबई दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर पाळतात. ते सांगून झाले की मेजर आमच्या गोदामात फिरत आणि एकेका पिंपावर हात ठेवून विचारीत, "यात काय आहे? आणि याच्या शेजारी काय आहे?" बहुतेकांना पहिल्या प्रश्नाचे उत्तर येई, दुसऱ्याचे येत नसे. सॉल्व्हंटच्या आगीवर पाण्याचा झोत मारला तर पेटते द्रव पाण्यावर तरंगत पसरते, तेथे आग विझविणारा फेस, म्हणजे फोमच हवा, हे आम्हाला पुस्तकातून माहीत होते. पण ट्रेमध्ये थोडे पेट्रोल पेटवून त्यांनी ते करून दाखविले, तेव्हा आमचे एक वरिष्ठ दोन पावले मागे सरकून गुलाबाच्या कुंडीत पडले.

कामगारांच्या बायकांसाठी त्यांनी एकदा वेगळा वर्ग घेतला. गॅसचा वास आला तर काय कराल, असे विचारल्यावर एकीने सांगितले की, एक्झॉस्ट पंखा लावीन. त्यांनी चिडून नव्हे, अगदी काकुळतीने सांगितले, "ताई, बटणाला हात लावू नका. चालू असेल तर चालू राहू द्या, बंद असेल तर बंद." मग जमिनीवर मांडी घालून बसले आणि हाताने दाखवीत राहिले की हा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो, ओट्याखाली, पलंगाखाली, म्हणून रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर जा आणि बाहेरून १९०६ वर फोन करा. माझी पत्नी त्या वर्गात होती. आमच्या ओट्याच्या आतल्या बाजूला तिने तो क्रमांक नेलपॉलिशने लिहून ठेवला आहे.

आणखी एक. त्या सप्ताहाचा पहिला दिवस आंबेडकर जयंतीचा असतो. ते पहाटे अंघोळ करून आधी ठाण्यात बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालीत आणि मग शर्टाला अग्निशमन दलाचा छोटा ध्वज टाचून आमच्याकडे येत. ध्वजाची टाचणी निळ्या रिबिनीवरच टोचलेली असे.

माजिवडा_नाका

सर्व प्रतिसाद वाचले. मी त्यांना ओळखत नव्हतो, तरीही असे वाटते की उथळसरमधल्या एखाद्या चौकाला त्यांचे नाव द्यावे यासाठी आपण सह्यांची मोहीम घ्यावी. नगरसेवकांपर्यंत पोहोचण्याची व्यवस्था मी करू शकतो. व्हॉट्सॲपचा तो मजकूर मीच पुढे पाठविला होता. माफ करा, मला खरा वाटला.

वॉचरूम

चौकाला माझा विरोध नाही, परंतु आपल्याकडे चौकाला नाव दिले की त्या फलकाखाली रिक्षा उभ्या राहतात आणि बंबाला वळण मिळत नाही. चरईतल्या गल्ल्यांमध्ये दुहेरी पार्किंगमुळे आम्हाला बंब मुख्य रस्त्यावर उभा करून होजच्या लांब्या जोडीत आत जावे लागलेले आहे, आणि प्रत्येक जादा लांबीबरोबर टोकाचा दाब घटतो. मेजर त्या काळात सुट्टीच्या दिवशी चालत फिरून कोणत्या गल्लीत बंब कुठवर जातो याचे नकाशे वहीत काढीत. ती वही सापडली, तर तिची एक प्रत केंद्रावर द्यावी असे मी सुचवीन.

उथळसरकर

सर्वांचे आभार. काल काकूंकडे बसून हा सगळा धागा वाचून दाखविला. अंगठीच्या ठिकाणी त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ते रीळ माझं होतं. परत कधी दिलं नाही." नारळाचे त्यांना ठाऊक होते. लकी कंपाउंडचे वाचताना त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि थोड्या वेळाने परत आल्या. मंडपाच्या पाचशे रुपयांचे मात्र त्यांना पहिल्यांदाच कळले; हिशेबनीस, त्यांनी तुम्हाला घरी बोलावले आहे, काळजी करू नका, चहासाठी.

गल्ल्यांची वही सापडली आहे. एकूण तीन वह्या आहेत. राबोडीची पाने पावसाने एकमेकांना चिकटली आहेत, ती सोडवायला एका ओळखीच्या ग्रंथपालांना देत आहे. खडकी_८१ यांना व्यक्तिगत निरोप पाठविला आहे, पी.पी.ओ. मिळाला, डिस्चार्ज बुक गावी असावे.

चौकाचा विषय तूर्त बाजूला ठेवू, असे काकूंचे म्हणणे पडले.

त्यांनी मला एक किल्ल्यांचा जुडगा दिला. ब्रँच चोरीला गेल्यानंतर समितीला सर्व होज बॉक्सना कुलपे लावायची होती आणि मेजरांना ती उघडी हवी होती. शेवटी काचेमागे किल्ली टांगायची आणि जादा किल्ल्या त्यांच्याकडे ठेवायच्या, अशी तडजोड झाली होती. प्रत्येक किल्लीला पत्र्याचा तुकडा तारेने बांधलेला आहे आणि त्यावर खिळ्याने विंग व मजला कोरला आहे. बेचाळीस पेट्या, पण किल्ल्या त्रेचाळीस निघाल्या. त्रेचाळिसाव्या किल्लीच्या पत्र्यावर काहीच कोरलेले नाही. आज संध्याकाळी ए आणि बी विंगच्या सर्व पेट्यांना लावून पाहिली, कोठेही लागली नाही. पंपाच्या खोलीलाही नाही. हिशेबनीस म्हणतात, रेफ्यूज एरियाच्या जुन्या लोखंडी दाराची असेल. उद्या सकाळी सी विंगचा जिना चढतो. हिशेबनीसही बरोबर येणार आहेत.